घरातील पैसा आणि नकाराचा अधिकार : वाचकांचे प्रश्न

नातेसंबंधांतील आर्थिक छळाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत. कायद्याविषयीची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी वकिलाचा किंवा जाणकार संस्थेचा सल्ला अवश्य घ्यावा.

प्रश्न : मी शिकलेली आहे आणि चांगली नोकरी करते. पगार माझ्याच नावावरच्या खात्यात जमा होतो, परंतु त्या खात्याला पतीचा मोबाईल क्रमांक जोडलेला आहे आणि कार्डही त्यांच्याकडेच असते. दर सोमवारी ते मला आठवड्याचे पैसे देतात. प्रत्येक खरेदीच्या पावतीचा फोटो मी त्यांना त्याच दिवशी पाठवायचा, असा नियम आहे. पावती नसेल तर तेवढी रक्कम पुढच्या सोमवारी वजा होते. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारलेला नाही, ते आवाजही चढवत नाहीत. मैत्रीण म्हणते की हा छळ आहे. मी उगाच राईचा पर्वत करते आहे का?

उत्तर : नाही, मुळीच नाही. पावती नसेल तर पैसे कापले जातात आणि ते पैसे तुमच्याच कष्टाचे असतात, एवढा एक तपशील मला पुरेसा वाटतो. हिशेब ठेवणे ही चांगली सवय आहे आणि अनेक समाधानी घरांत पै-पैचा हिशेब लिहिला जातो. पण तिथे तो दोघांचा असतो, दोघांना दिसतो, आणि चूक झाली म्हणून कोणी कोणाला दंड करत नाही. तुमच्याकडे हिशेब देणारी व्यक्ती एक आणि घेणारी दुसरी, अशी कायमची वाटणी झाली आहे. पती स्वतःच्या खर्चाच्या पावत्या तुम्हाला दाखवतात का, याचा पत्रात उल्लेखच नाही. बहुधा तसे विचारावे हे तुमच्या मनातही आले नसावे, आणि मला तीच गोष्ट अधिक गंभीर वाटते.

एखादी व्यवस्था सोयीची आहे की जाचाची, हे ओळखायचे असेल तर स्वतःला काही साधे प्रश्न विचारून पाहावेत. घरात किती पैसा येतो, किती शिल्लक राहतो, कर्ज किती आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? अचानक डॉक्टरकडे जावे लागले तर कोणाची परवानगी न मागता पैसे तुमच्या हाती येतात का? एखाद्या खर्चाला किंवा कागदावरच्या सहीला तुम्ही ‘नाही’ म्हणू शकता का, आणि म्हटलेच तर त्यानंतर काय होते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही, थोडा वाद होतो’ असे असेल तर ते चारचौघांसारखे घर आहे. पण नकारानंतर आठ दिवसांचा अबोला, मुलांसमोर अपमान, पुढच्या आठवड्याच्या पैशांत कपात किंवा नुसती ‘आता काय होईल’ अशी धास्ती असेल, तर आवाज चढो न चढो, तुमच्यावर सत्ता गाजवली जात आहे.

अमेरिकेतील डुलुथ या शहरात १९८४ मध्ये घरगुती हिंसाचाराच्या पद्धतींचे एक चक्र, म्हणजे चाकाच्या आकाराची आकृती, तयार करण्यात आले. ते पीडित स्त्रियांशी झालेल्या चर्चांतून आकाराला आले होते, आणि त्यात धमकी, एकटे पाडणे, मुलांचा वापर यांच्या बरोबरीने आर्थिक छळालाही स्वतंत्र जागा देण्यात आली. पुढे २००८ मध्ये एड्रिएन ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा छळ मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दोन प्रकार वेगळे काढले होते: पैशांवर नियंत्रण ठेवणे, आणि दुसऱ्याचे शोषण करणे, म्हणजे त्याचा पैसा किंवा बाजारातील त्याची पत वापरून घेणे. नोकरीत अडथळे आणणे हा तिसरा प्रकार नंतरच्या अभ्यासांत स्वतंत्रपणे मांडला गेला. तुमच्या पत्रात पहिला प्रकार ठळक दिसतो. तोही केवळ पैशांपुरता राहत नाही: ज्या व्यक्तीला रोजच्या पावत्या मिळतात, तिला तुम्ही कुठे गेलात, किती वाजता गेलात आणि कोणासोबत चहा घेतलात, हेही रोज कळत असते.

इंग्लंड आणि वेल्समधील २०२१ चा घरगुती छळाविषयीचा कायदा आर्थिक छळाची व्याख्या करताना वागणाऱ्याच्या हेतूकडे पाहत नाही, परिणामाकडे पाहतो. पैसा किंवा मालमत्ता मिळवण्याच्या, वापरण्याच्या अथवा राखण्याच्या, तसेच वस्तू किंवा सेवा मिळवण्याच्या एखाद्याच्या क्षमतेवर ज्या वागण्याचा लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो, ते वागणे आर्थिक छळ ठरते. भारतात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा शारीरिक, लैंगिक आणि शाब्दिक-भावनिक छळाबरोबर आर्थिक छळालाही हिंसाचारच मानतो. त्या कायद्याखालील नियमांमध्ये घटनेचा अहवाल लिहिण्याचा जो नमुना दिला आहे, त्यात पगार जबरदस्तीने काढून घेणे, नोकरी करू न देणे, घरभाडे किंवा विजेचे बिल न भरणे अशा अगदी रोजच्या गोष्टी नोंदवल्या आहेत. मारहाण झाली असेल तरच तक्रार करता येते, हा समज दोन्हीकडे चुकीचा आहे.

आता पुढे काय करावे, याविषयी एक सावधगिरीची सूचना. खात्याचा मोबाईल क्रमांक बदलला की बँकेचा संदेश बहुतेक वेळा जुन्या क्रमांकावरही जातो, आणि पगार दुसऱ्या खात्याकडे वळवला तर पगाराच्या दिवशी पतीच्या मोबाईलवर नेहमीचा संदेश येत नाही. म्हणजे बदल झाल्याचे त्यांना त्याच दिवशी कळते. म्हणून त्या दिवशी तुम्ही कुठे असाल, सोबत कोण असेल आणि मूळ कागदपत्रे कोठे असतील, हे आधी ठरवावे, आणि मगच शाखेत स्वतः जाऊन अर्ज द्यावा. हात न उगारणारी व्यक्ती नियंत्रण सुटू लागल्यावर कशी वागेल, याचा अंदाज तुमच्याइतका दुसऱ्या कोणालाही नसतो. त्या अंदाजावर विश्वास ठेवा.

प्रश्न : आमच्या घरात सर्व आर्थिक व्यवहार मी पाहतो. पत्नीला आकडेमोडीचा कंटाळा आहे आणि तिनेच ही जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. घराचे हप्ते चालू असल्याने मी खर्चाला आळा घालतो. या विषयावर वाचल्यापासून मला अपराधी वाटू लागले आहे. मी छळ करतो आहे का?

उत्तर : काम एकाने पाहिले म्हणून छळ होत नाही. काटकसर दोघांना सारखी लागू असेल, घराचे हप्ते दोघांनी मिळून स्वीकारले असतील आणि पत्नीने उद्या ‘आता मीही पाहते’ असे म्हटल्यावर तुम्ही त्याच दिवशी सर्व पासबुके तिच्यापुढे ठेवणार असाल, तर मन शांत ठेवा. मात्र ‘तिला कंटाळा आहे’ हे वाक्य एकदा तपासून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. कंटाळा काही जणांना खरोखरच असतो. काहींनी मात्र दोन-तीनदा प्रश्न विचारून पाहिलेले असतात आणि ‘तुला त्यातले काय कळते’ हे उत्तर ऐकल्यानंतर विचारणे सोडून दिलेले असते. त्यांचे मौन बाहेरून कंटाळ्यासारखेच दिसते.

इतिहासाची एक बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ च्या कायद्यांपूर्वी विवाहित स्त्रीची कमाई कायद्यानेच पतीची होत असे. फ्रान्समध्ये पतीच्या संमतीविना बँकेत खाते उघडण्याचा आणि नोकरी धरण्याचा हक्क विवाहित स्त्रीला १९६५ मध्ये मिळाला. अमेरिकेत पतकर्ज देताना स्त्री-पुरुष असा किंवा विवाहित-अविवाहित असा भेद करण्यास १९७४ च्या कायद्याने मनाई झाली. कायदे बदलले तरी ‘पैशांचे पुरुष पाहतो’ ही घडी अनेक घरांत तशीच राहिली, आणि भल्या माणसांच्या घरांतही ती राहिली. तुम्ही महिन्यातून एकदा दोघांनी मिळून सर्व खाती उघडून पाहण्याचा प्रघात पाडा. प्रत्येकाला हिशेब न देता खर्च करता येईल अशी एक रक्कम ठरवा, आणि ती दोघांना सारखी असू द्या. शिवाय उद्या तुम्ही अचानक आजारी पडलात तर पत्नीला कोणती विमापत्रे, कोणती कर्जे आणि कोणती खाती शोधावी लागतील, ते आजच लिहून तिच्या हाती द्या.

प्रश्न : मी पुरुष आहे, म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. माझ्या सहचारिणीने व्यवसायासाठी माझ्या नावावर कर्जे काढली. काही कागदांवर मी सह्या केल्या, कारण नकार दिला की रात्र-रात्र रडारड, स्वतःला इजा करून घेण्याच्या धमक्या आणि माझ्या कार्यालयात येऊन तमाशा करण्याची भाषा सुरू होत असे. एक कर्ज तर मी झोपलेलो असताना माझा मोबाईल वापरून घेतले गेले. आता वसुलीचे फोन मला येतात. सह्या माझ्याच आहेत, मग दोष कोणाला देऊ?

उत्तर : संकोच सोडा. असा छळ अधिक प्रमाणात स्त्रियांच्या वाट्याला येत असला तरी तो पुरुषांवरही होतो, समलिंगी जोडप्यांतही होतो आणि म्हाताऱ्या आई-वडिलांवर मुलांकडूनही होतो. पुरुषाला त्याविषयी बोलणे अधिक जड जाते, कारण ‘तुला घर सांभाळता येत नाही का’ हा प्रश्न तो इतरांच्या आधी स्वतःलाच विचारत असतो.

तुमच्या बाबतीत जे घडले त्याला दबावाखाली लादलेले कर्ज म्हणता येईल, आणि आर्थिक छळाचे हे सर्वांत दीर्घकाळ टिकणारे रूप आहे. मारहाणीची जखम भरून येते. कर्जखात्यातील थकबाकी मात्र नाते संपल्यानंतरही पतअहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात (क्रेडिट रिपोर्ट), वर्षानुवर्षे राहते आणि भाड्याचे घर, नवे कर्ज, कधी कधी नोकरी, अशा प्रत्येक दारात आडवी येते. असे कर्ज लादणाऱ्या व्यक्तीला त्यातून दुहेरी फायदा होतो. पैसा तिला मिळतो, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे तो नाते तोडायला कचरतो, कारण तोडले तर हप्ते कोण भरणार, ही चिंता त्याच्याच गळ्याशी असते.

सर्वप्रथम दोन प्रकारची कर्जे एकमेकांपासून वेगळी करा. झोपेत असताना तुमच्या मोबाईलवरून घेतलेल्या कर्जाला तुमची संमतीच नव्हती. ती सरळ तोतयेगिरी आणि फसवणूक आहे. त्याची लेखी तक्रार कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि पोलिसांकडे लवकरात लवकर करावी, आणि रक्कम कोणत्या खात्यात गेली याचा उतारा मागावा. तो पैसा पुढे कोणाच्या खात्यात वळला, हे दाखवणारी ओळ तुमच्या कोणत्याही निवेदनापेक्षा जास्त बोलते. ज्या कागदांवर तुम्ही स्वतः सह्या केल्या त्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार जबरदस्तीने, अनुचित प्रभावाने किंवा फसवणुकीने घेतलेली संमती रद्द ठरवून घेता येते. परंतु दबाव कर्ज देणाऱ्या संस्थेने आणलेला नसून घरातील व्यक्तीने आणलेला असेल, तर त्या संस्थेविरुद्ध ते सिद्ध करणे सोपे नसते. त्याच कायद्यानुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती जामीनकीची सही आहे’ हे वाक्य म्हणूनच कोणी कितीही सहज उच्चारले तरी सहज घेऊ नये.

इतर देशांच्या न्यायालयांनाही या प्रश्नाशी झुंजावे लागले आहे. इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये निकाली निघालेल्या ओब्रायन खटल्यात पतीने पत्नीला सांगितले होते की तारणाची मर्यादा ६० हजार पौंडांची आणि मुदत फक्त तीन आठवड्यांची आहे. प्रत्यक्षात कर्ज त्याहून कितीतरी मोठे होते, आणि बँकेच्या शाखेत सही घेताना कोणीही तिला कागद समजावून सांगितला नाही. तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ते तारण तिच्यापुरते रद्द ठरवले. त्यानंतर २००१ मध्ये एट्रिज खटल्यात त्याच न्यायालयाने दंडक घालून दिला: व्यावसायिक संबंध नसताना एक व्यक्ती दुसऱ्याच्या कर्जासाठी हमी देत असेल, तर वकिलाने तिला त्याचे परिणाम समजावून सांगितले आहेत याची खातरजमा बँकेने केली पाहिजे. घरातल्या नात्यात सही नेहमी समजून-उमजून आणि राजीखुशीने होते असे गृहीत धरता येत नाही, हे त्या निकालांनी मान्य केले, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

तुम्ही पुढची पावले टाकताना तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. आपला पतअहवाल मागवा. भारतात कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो, आणि तुम्हाला माहीत नसलेले कर्जही त्यात दिसू शकते. वसुलीच्या फोनवर भरात येऊन ‘मी भरतो’ असे कबूल करू नका, आणि हप्ते कमी करून देतो म्हणून पुढे केलेल्या नव्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, कारण नव्या सहीने जुना वाद मिटला असे धरले जाऊ शकते. धमक्यांचे जे संदेश तुमच्याकडे आहेत ते तारखेसह जपून ठेवा. राहिला दोषाचा प्रश्न. रात्रभर चाललेल्या धमक्यांनंतर पहाटे केलेली सही आणि विचारपूर्वक केलेली सही कागदावर सारखीच दिसते. तुम्ही मात्र त्या दोन्ही सारख्या मानू नका.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीने लग्नानंतर एकामागून एक नोकऱ्या सोडल्या. मुलाखतीच्या आदल्या रात्री घरात भांडण होते, सकाळी दुचाकीची किल्ली सापडत नाही, मुलाला सांभाळण्याचे कबूल करून नवरा ऐनवेळी बाहेर निघून जातो. वर तोच सर्वांना सांगतो की हिला कुठेच टिकता येत नाही. मी तिला पैसे देते, समजावते, पण ती मलाच टाळू लागली आहे. मी काय करू?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना तुमची निरीक्षणशक्ती जाणवली. किल्ली, भांडणाची वेळ, ऐनवेळचे निघून जाणे, या गोष्टी सुट्या सुट्या सांगितल्या तर कोणत्याही घरातल्या वाटतात, आणि म्हणूनच त्या करणे सोपे असते. त्या कधी घडतात हे कागदावर मांडले की क्रम दिसू लागतो. भांडण एरवीही होते की मुलाखतीच्या आदल्या रात्रीच होते? किल्ली सुट्टीच्या दिवशीही हरवते का? नोकरीत मोडता घालणाऱ्याला उघडपणे मनाई करावी लागत नाही. ती व्यक्ती उशिरा पोहोचेल, थकलेली असेल, वरिष्ठांसमोर तिला वारंवार फोन येतील, एवढे त्याने पाहिले की नोकरी आपोआप सुटते आणि अपयश तिच्या नावावर जमा होते. हे पुन्हा पुन्हा झाले की ‘मला जमतच नाही’ हे त्या व्यक्तीला स्वतःलाच पटू लागते. बहिणीची तुम्हाला टाळण्याची वृत्ती तिथून आली असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्यासमोर तिला आपले अपयश दिसते, आणि तुमची कळकळ तिला आणखी एक परीक्षा वाटते.

म्हणून समजावणे काही काळ थांबवा. ‘त्याला सोडून दे’ हे वाक्य तर बोलूच नका. त्याने ती तुमच्यात आणि नवऱ्यात निवड करण्याच्या कात्रीत सापडते. त्याऐवजी एखाद्या दिवशी, ती एकटी असताना, तुम्हाला जे दिसले ते दोष न देता सांगा: ‘मुलाखतीच्या दिवशीच किल्ली हरवते, हे माझ्या लक्षात आले आहे.’ इतके बोलून गप्प राहा. मी असे सुचवते, कारण आपण वेडे नाही आणि हे दुसऱ्या कोणाला तरी दिसते आहे, हे कळणे अशा व्यक्तीसाठी फार मोठा आधार असतो. तिचे उत्तर त्याच दिवशी येणार नाही.

पैशांबाबत विचार वेगळा करावा लागेल. तुम्ही दिलेली रोख रक्कम त्या घरात कोणाच्या हाती जाते, याची खात्री नसेल तर मदतीचे रूप बदला: प्रशिक्षणाचे शुल्क परस्पर भरा, मुलाखतीच्या दिवशी तिला घेऊन जाण्याची आणि मुलाजवळ थांबण्याची जबाबदारी स्वीकारा. ओळखपत्रे, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि मुलाचा जन्मदाखला यांच्या प्रती आपल्या घरी ठेवण्याची तयारी दाखवा, आणि बँकेची किंवा नोकरीची पत्रे तुमच्या पत्त्यावर आली तर चालेल, हे सांगून ठेवा. तिच्या मोबाईलवर यातले काहीही लिहून पाठवू नका. तो कोण पाहतो, हे तुम्हाला ठाऊक नाही.

प्रश्न : आम्ही विभक्त होऊन बराच काळ झाला. न्यायालयाने मुलांसाठी ठरवलेली रक्कम माझे पती कधी पूर्ण देत नाहीत. कधी अर्धी, कधी शाळेचे शुल्क भरण्याची तारीख उलटून गेल्यावर, कधी मी स्वतः फोन करून मागितल्यावरच. सामायिक घर विकण्याच्या कागदावर ते सही करत नाहीत आणि प्रत्येक तारखेला नवा अर्ज आणतात. सर्वजण म्हणतात, आता तर तू सुटलीस. मला मात्र अजून अडकल्यासारखेच वाटते.

उत्तर : तुम्हाला जे वाटते ते खरे आहे. घर वेगळे झाले तरी पैशाची दोरी ज्याच्या हातात राहते, तो हवी तेव्हा ती ओढू शकतो. विभक्त झाल्यानंतर इतर सर्व मार्ग बंद होतात तेव्हा हाच एक मार्ग उघडा राहतो, कारण तो न्यायालयाच्या आणि बँकेच्या कागदांतूनच जातो. रक्कम शेवटी मिळते, पण मागितल्यावर मिळते. तुम्हाला मागायला लावण्यासाठीच सारे चाललेले असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये जवळच्या नात्यात सतत नियंत्रण गाजवणे हा गुन्हा २०१५ च्या कायद्याने निर्माण झाला, परंतु विभक्त होऊन वेगळे राहणाऱ्या जोडप्यांना तो लागू होत नव्हता. २०२१ च्या कायद्याने ती उणीव दूर केली आणि एप्रिल २०२३ पासून सोबत न राहणाऱ्या पूर्वाश्रमीच्या जोडीदाराचे वागणेही त्या गुन्ह्याच्या कक्षेत आले.

भारतात रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणांसाठी महत्त्वाचे निर्देश दिले. दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी जाहीर करणारे शपथपत्र दाखल करावे, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून देय धरावी, असे त्यात सांगितले आहे. उत्पन्न लपवणे आणि तारखा लांबवणे या दोन्ही युक्त्यांना त्यामुळे काही अंशी लगाम बसतो. २००५ च्या कायद्याखाली आर्थिक साहाय्याचा आदेश झालेला असेल आणि प्रतिवादी तो पाळत नसेल, तर दंडाधिकारी त्याच्या मालकाला पगारातील ठरावीक हिस्सा थेट पीडित स्त्रीला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश देऊ शकतात. तुमचा आदेश कोणत्या कायद्याखाली झाला आहे, हे वकिलाला विचारून अशा थेट वसुलीची मागणी करता येते का, ते पाहा. मागण्याचा फोन जेवढा टळेल तेवढा तुमचा जीव मोकळा होईल.

तोपर्यंत एक वही घाला. देय तारीख, मिळाल्याची तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम आणि त्या विलंबामुळे काय अडले, असे पाच रकाने त्यात असू द्या. एखाद-दुसऱ्या महिन्याचा उशीर न्यायालयाला किरकोळ वाटू शकतो; सलग मांडलेल्या महिन्यांत प्रत्येक वेळी शुल्काची तारीखच का उलटते, हे मात्र स्पष्ट दिसते. पैशांविषयीचे बोलणे शक्य तेवढे लेखी ठेवा, वाक्ये थोडकी ठेवा आणि मुलांच्या हाती निरोप देऊ नका.

प्रश्न : मी घरखर्चातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून ठेवते. नवऱ्याला ते माहीत नाही. एकीकडे आपण नात्यात पारदर्शकता हवी म्हणतो आणि दुसरीकडे मीच लपवते, याची टोचणी लागून राहते. ही फसवणूक आहे का?

उत्तर : खरे बोलल्यावर सुरक्षित राहण्याची खात्री जिथे असते, तिथेच पारदर्शकतेची अपेक्षा करता येते. पैसे बाजूला ठेवले हे कळल्यावर नवरा नाराज होईल, विचारेल आणि मग तुम्ही दोघे बोलाल, असे तुमचे घर असेल तर जरूर बोला. लपवण्याची गरज उरणार नाही. ते पैसे हिसकावले जातील किंवा त्याहून वाईट काही होईल, अशी भीती असेल तर तुम्ही कोणाची फसवणूक करत नाही आहात. बाहेर पडण्याची वाट बंद करणे हाच आर्थिक छळाचा गाभा आहे, आणि प्रवासखर्च व काही दिवसांच्या निवाऱ्यापुरते पैसे हाती असणे म्हणजे ती वाट उघडी ठेवणे आहे. दोन प्रकारच्या गुपितांतला फरक मी याच कसोटीवर करते: नवऱ्याने लपवलेल्या पैशाने तुमचे पर्याय कमी होत असतील, तर ते नियंत्रण आहे, तुम्ही ठेवलेल्या पैशाने त्याचे काहीही कमी होत नाही.

हे पैसे कोठे ठेवावेत, याचा विचार मात्र बारकाईने करा. घरातील कपाट किंवा धान्याचा डबा सुरक्षित नसतो. नवे खाते उघडणार असाल तर ते सध्याच्या बँकेत उघडू नका, कारण एकाच ग्राहक क्रमांकाखाली दोन्ही खाती ॲपवर एकत्र दिसू शकतात. घरातील इतरांच्या हाती पडणारा मोबाईल आणि ईमेल त्याला जोडू नका, आणि खातेउतारा टपालाने घरी येणार नाही, हे अर्ज भरतानाच विचारून घ्या. तुमचे करविवरण दुसरे कोणी भरत असेल, तर व्याजाची नोंद तिथे दिसेल, हेही ध्यानात ठेवा. विश्वासातल्या व्यक्तीकडे रक्कम ठेवणार असाल, तर ती मध्यरात्री फोन उचलणारी असावी.